सड्यावर आहे काय?

‘सड्यावर आहे काय? नुसता कातळ.’ आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे वाक्य अधूनमधून पडतंच, आणि माझं डोकं फिरतं. सडा म्हणजे आमच्या कोकणातलं कातळाचं उघडं पठार. राजापूर तालुक्यात जन्म काढलेल्या माणसांनी त्याबद्दल असं बोलावं? श्रावणात त्याच कातळावर सीतेची आसवं फुलून सडा निळा-जांभळा होतो, गुरं तिथेच चरतात, तिथे मुरलेलं पाणी वाडीच्या विहिरींत उतरतं. बारसूच्या सड्यावर तर जांभ्यात कोरलेला माणूस आहे, दोन्ही बाजूंना वाघ. कोकणातली कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यात कशेळीच्या हत्तीबरोबर बारसूही आहे. तिथेच एप्रिल 2023 मध्ये रिफायनरीच्या माती परीक्षणासाठी पोलीस बंदोबस्तात यंत्रं आली, तेव्हा बायका भर उन्हात रस्त्यावर आडव्या झाल्या. आमच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, ‘चित्रांनी पोट भरत नाही.’

मी न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या मांगेरे भागात राहतो. इथल्या विमानतळाला लागून इहुमाताओ नावाची जागा आहे. तिथेही दगडच. ज्वालामुखीच्या दगडांची ऊब धरून माओरींनी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांनी, तिथे कुमारा, म्हणजे रताळी, पिकवली. 1863 मध्ये सरकारने जमीन जप्त केली, 2016 मध्ये ती बिल्डरकडे गेली, 480 घरं व्हायची होती. जुलै 2019 मध्ये ठाण मांडून बसलेल्यांना हुसकावायला पोलीस आले आणि हजारो लोक जमले. गमबूट घालून मीही गेलो. चिखलात उभ्या एका आजीने सूपचा कप हातात दिला, विचारलं, कुठला? म्हटलं, मांगेरे ब्रिज. ते नाही, म्हणाली, तुझा डोंगर कोणता, नदी कोणती? मी नदी अर्जुना सांगितली आणि डोंगर म्हणून आमचा सडा. डिसेंबर 2020 मध्ये सरकारने ती जमीन 2 कोटी 99 लाख डॉलरला विकत घेतली.

ऑकलंडजवळच्या वायटाकेरे जंगलातल्या कौरी या उंच झाडांना मूळकूज लागली, तेव्हा 2017 मध्ये तिथल्या माओरींनी जंगलावर राहुई, म्हणजे पारंपरिक बंदी, घातली, पुढच्या वर्षी कौन्सिलने पायवाटा बंद केल्या. उघड्या असलेल्या वाटांवर बूट घासून, फवारून मगच आत. कोणी कुरकुरत नाही. (कुरकुरतात, पण हळू.)

हे ग्रुपवर टाकलं तर चुलतभावाने सुनावलं, ‘तुझ्या गोऱ्यांनी आधी सगळी कौरी कापून विकली, आता उरलेल्यांची आरती करतात.’ खोटं नाही. इहुमाताओतही एकमत नव्हतं, काही वडीलधाऱ्यांनी बिल्डरशी जमवून घेतलं होतं. ते लिहायची मला गरज वाटली नाही.

मग मी देवराईवर आलो. आमच्या राईतलं वाळकं लाकूडसुद्धा कौल लावल्याशिवाय कोणी उचलत नसे. गुरव पाषाणाला भिजवलेल्या पाकळ्या चिकटवी, उजवी पडली तर होकार. त्याच राईतले ऐन, किंजळ देवळाच्या जीर्णोद्धारात तुटले. छपरावरचे मातीचे नळे गेले, स्लॅब पडला, ग्रॅनाइट लागलं. भाऊ म्हणाला, ‘पैसे तुम्हीच पाठवलेत, फलकावर नाव आहे तुझं.’ अरे, मी छपराला दिले होते, कुऱ्हाडीला नव्हे! आणि कौल म्हणे मिळाला होता. देवसुद्धा हल्ली बांधकामाला नाही म्हणत नाही.

सध्या वाद आमच्याच सामायिक सड्याचा आहे. मुंबईच्या एजंटला तो हवाय, सातबाऱ्यावर माझं नाव आहे, माझ्या सहीवाचून व्यवहार अडलाय. पासपोर्ट काळा, म्हणजे न्यूझीलंडचा, झाल्यापासून मला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने आलेली तेवढी राहते. तिथून नाव उतरलं की परत चढायचं नाही. विहिरी, फुलं, कातळशिल्पं सगळं खरं, पण सही न करण्याचं पहिलं कारण हे आहे.

भावाला मुलासाठी रत्नागिरीत फ्लॅट घ्यायचाय. तो विचारतो, ‘तुला इथे राहायचं नाही, आम्हाला विकू द्यायचं नाही. आम्ही काय तुझी राखण करायची?’ माओरींत जमिनीवर हक्क सांगताना तिथे चूल पेटती ठेवणाऱ्याचा शब्द मोठा. हे त्याला कळलं तर मला सही आजच करावी लागेल.