डाग मोजू नका, गळलेली पानं मोजा

भुईमुगाच्या रोगप्रतिकारक वाणांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: रोगप्रतिकारक म्हणून मिरवलेल्या भुईमुगावरही टिक्क्याचे, म्हणजे पानांवरच्या बुरशीजन्य रोगाचे, डाग पडतातच, वर शेंगा जाड टरफलाच्या, मग दहा-दहा वर्षं संकर करत बसण्यापेक्षा बुरशीनाशकाच्या दोन फवारण्या काय वाईट?

डागांबाबत चूक माझी. ‘रोगमुक्त’ हा शब्द मी वापरायला नको होता. टिक्क्याला साफ अडवणारा वाण सहसा मिळत नाही. मिळतो तो त्याला रेंगाळायला लावणारा. पान उलटून बघा. उशिरा येणाऱ्या टिक्क्याचा काळा डाग खालून खरखरीत लागतो, ते बीजाणूंचे झुबके. चिवट वाणावर डाग लहान राहतो, बीजाणू कमी धरतात आणि धरायला दिवसही जास्त लागतात. पान झाडावर टिकतं, शेंग भरत राहते.

टरफलाचं मात्र तुमचं खरं आहे. ही ताकद बरीचशी आली ॲराकिस कार्डेनासी या बोलिव्हियाकडच्या रानटी भाऊबंदाकडून. त्याची गुणसूत्रं 20, आपल्या भुईमुगाची 40. संकर होतो 30चा, म्हणजे वांझ. कोल्चिसिन या रसायनानं ती दुप्पट करून 60 करायची, मग पिढ्यान्‌पिढ्या 40वर उतरायची वाट बघायची. या वाटेनं जाड साल आणि उशिरा पिकणंही चिकटून येतं. ते झडवायचं तर चांगल्या वाणाशी पुन्हा पुन्हा संकर. आणि संकर म्हणजे काय, तर संध्याकाळी कळी चिमट्यानं उघडून परागकोश काढायचे, सकाळी दुसऱ्याचे पराग लावायचे. आरी (फुलातून जमिनीकडे वाढणारा, शेंग धरणारा देठ) जमिनीत गेलीच तर एक शेंग, दोन दाणे! जीपीबीडी 4 हा टिक्का आणि तांबेरा दोन्हींना चिवट असलेला वाण याच कार्डेनासीच्या वंशातला. त्यातले उपयोगी जनुकखंड पुढे डीएनए मार्करच्या (जनुक ओळखायच्या खुणांच्या) आधारानं इतर वाणांत नेले गेले, त्यामुळे वेळ वाचला.

फवारणीचा मुद्दा विषाणूपाशी अडतो. बुरशीनाशकाचा त्याच्यावर काहीच परिणाम नाही. आफ्रिकेतला रोझेट हा भुईमुगाचा विषाणूजन्य रोग घ्या. तो मावा पसरवतो. 1952 साली पश्चिम आफ्रिकेत त्याला दाद न देणारी झाडं सापडली. ती ताकद दोन अप्रभावी (दोन्ही प्रती असल्या तरच दिसणाऱ्या) जनुकांची, म्हणून संकराच्या दुसऱ्या पिढीत सोळांत साधारण एक झाड हाती लागतं. गंमत म्हणजे त्या झाडावरही मावा बसू शकतो आणि रोझेटचा साथीदार विषाणू आत शिरतो. एकटा असला की तो फारशी लक्षणं दाखवत नाही, एवढंच. म्हणजे ‘रोगमुक्त’ इथंही चालणार नाही. मूळ लेखातला तो शब्द आज बदलला.