६६६, नीरो आणि एक ‘योद’

नमस्कार. माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, एका श्वापदाचा आकडा ६६६ दिला आहे; तो रोमन सम्राट नीरोच्या नावाचा आहे, असं मी त्यात लिहिलं होतं. ‘आधी उत्तर ठरवायचं, मग अक्षरं जुळवायची, अशाने माझ्या शेजाऱ्याच्या नावाचेही ६६६ होतील,’ हा टोला झकास आहे. पण तुमची खरी तक्रार पुढे आहे: श्वापद म्हणजे नीरो म्हटलं की प्रकटीकरण आजच्या वाचकासाठी संपलं.

आधी हिशेब. हिब्रूत प्रत्येक अक्षराला आकड्याची किंमत असते. ‘नेरोन’ म्हणजे नीरो: नून ५०, रेश २००, वाव ६, नून ५०, झाले ३०६. ‘कैसर’ म्हणजे सम्राट: कोफ १००, सामेख ६०, रेश २००, म्हणजे ३६०. दोन्ही मिळून ६६६. तुम्ही म्हणता कैसरमध्ये योद हे अक्षरही हवं, त्याचे १० धरले की ६७६. आक्षेप रास्त. पण मृत समुद्राजवळ वादी मुरब्बातला नीरोच्याच काळातलं एक आरामी कर्जपत्र सापडलं, त्यात कैसर बिनयोदाचाच आहे. तेव्हा योद मी गिळलेला नाही.

आणि ६१६ चं काय करायचं? काही जुन्या प्रतींत ६६६ च्या जागी हा आकडा आहे, इजिप्तच्या ऑक्सिरिंकसमधल्या एका पपायरसवरही. लॅटिन वळणाने ‘नेरो’ लिहा: शेवटचा नून गेला, ५० कमी झाले. शेजाऱ्याच्या नावातून दोन्ही आकडे काढून दाखवा, मी लेख मागे घेतो!

ग्रीक वाचकाला हिब्रू कोडं कशाला, असंही विचारलंत. अबद्दोन, हर्मगिदोन ही नावं हिब्रू आहेत हे लेखक त्याच वाचकांना आवर्जून सांगतो. आकड्यांचा खेळही तेव्हा रस्त्यावरचा होता. पाँपेईच्या एका भिंतीवर कुणीतरी लिहून ठेवलंय, जिचा आकडा ५४५ तिच्यावर माझं प्रेम आहे. ती कोण, हे आज सांगता येत नाही. नाव ठाऊक असलेल्यालाच आकडा उलगडतो. हा मुद्दा मात्र तुमच्या पारड्यात.

आणखी एक तुमच्या बाजूचं: १८० च्या सुमारास ख्रिस्ती बिशप इरेनियसला ६१६ माहीत होता, तो त्याने नकलेतली चूक ठरवला, पण त्याने सुचवलेल्या नावांत नीरो नाही. हे मूळ लेखात यायला हवं होतं. राहिलं, चूक माझी.

आता ‘संपलं’ म्हणता त्याविषयी. जेरुसलेमचं मंदिर ७० साली पडलं, त्यानंतरचा यहुदी ग्रंथ म्हणजे एज्राचं चौथं पुस्तक. त्यात बारा पंखांचा, तीन डोक्यांचा गरुड समुद्रातून वर येतो. अर्थ सांगताना एज्राला म्हटलं जातं, ‘हे तुझा भाऊ दानीएल याला दिसलेलं चौथं राज्य. पण त्याला मी असा अर्थ सांगितला नव्हता.’ किती मोकळेपणाने! बायबलच्या जुन्या करारातल्या दानीएलाच्या पुस्तकातलं लोखंडी दातांचं चौथं श्वापद बहुतेक अभ्यासक ग्रीक राज्यावर लावतात. इथे ते रोम झालं. प्रकटीकरण लिहिणाऱ्या योहानाने तर दानीएलाची श्वापदं एकात ओतली: अंग चित्त्याचं, पाय अस्वलाचे, तोंड सिंहाचं.

म्हणजे प्रतीक मुळात कुणासाठी होतं, हा पहिला पत्ता सापडला म्हणून ते मरत नाही. पुढचा ते उसनं घेतो, आणि एज्राचा लेखक तर कुणाकडून घेतलं तेही सांगतो. माझं भांडण आहे ते पहिला पत्ता खोडून बारकोडवर ६६६ शोधणाऱ्यांशी. तुम्ही त्यांतले नाही, हे योदावरूनच कळलं. इरेनियसची ओळ आज लेखात जोडली आहे.