पंचावन्न हजारांचं मशीन आणि भाच्याचा पंप

परवा रात्री साडेदहाला नागपुरातल्याच मनीषनगरहून ताईचा फोन. "अरे, तो व्हॅक्यूमचा मेसेज पाहिला का? पंचावन्न हजाराचा आहे, पण हप्त्यावर भेटून राहिला. घेऊन टाकू का? याचा पंप तरी सुटेल." 'याचा' म्हणजे माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याचा. त्याला दमा आहे, इनहेलर, म्हणजे हा पंप, रोज लागतो. बोलता बोलता कळलं की 'बघू या काय होते' म्हणून दोन दिवसांपासून ताईने संध्याकाळचा पंप दिलाच नव्हता. तेव्हा माझं डोकं फिरलं.

मेसेज आमच्या ग्रुपवर आत्याने टाकला, तिला तो भिशीतून आला. त्यात लिहिलंय: झाडू रोगाचं मूळ आहे. अमेरिकेतल्या एका डॉक्टरने दम्याच्या पेशंटसाठी शोधलेलं उभं व्हॅक्यूम मशीन घ्या. त्याचा हेपा फिल्टर ९९.९७ टक्के जंतू मारतो. गादीतले किडे निघून तीन महिन्यांत इनहेलर बंद. बाई लावायला नको, दोन वर्षांत पैसे वसूल. शेवटी हात जोडलेले सहा इमोजी.

आधी इनहेलर. कॉक्रेन ही संस्था जगभरातल्या उपचारांच्या चाचण्या एकत्र करून तपासते. घरातल्या धुळीच्या किड्यांवरच्या (डस्ट माइट, गादीतले किडे म्हणतात ते हेच) उपायांनी दमा सुधारतो का, याचा तिचा आढावा २००८ साली आला. ५४ चाचण्या, ३००२ रुग्ण. गादीला खोळ, औषधाची फवारणी, गरम पाण्यात धुणं, व्हॅक्यूम, सगळं त्यात होतं. निष्कर्ष असा की यातल्या कशाचीच शिफारस करता येत नाही. सुधारणाच सापडत नाही, तिथे तीन महिन्यांत औषध कुठून सुटणार?

हे किडे जेमतेम पाव मिलिमीटरचे. जिवंत किडा धाग्याला पायांनी घट्ट धरून बसतो, मशीनने ओढला तरी सहज सुटत नाही. ज्यांनी दमा चाळवतो ती विष्ठा आणि टरफलं वरवरची थोडी येतात, आणि काही दिवसांत पुन्हा होतात. किडा पाणी पीत नाही, हवेतली ओल शोषतो. आपल्या मे महिन्यात तो वाळूनच जायचा, पण आपण खस भिजवून, खिडकीत कूलर लावून त्याला घरबसल्या पावसाळा देतो. आणि रोजचा पंप हा दम लागू नये म्हणूनच असतो. तो बंद केला की दुसऱ्या दिवशी काही दिसत नाही, म्हणून माणूस फसतो. कमी करायचा की नाही ते डॉक्टर ठरवतील, भिशी नाही.

हेपा म्हणजे हवेतले बारीक कण अडवणारा दाट फिल्टर. तो जंतू मारत नाही, अडवतो. ९९.९७ हा आकडा ०.३ मायक्रॉनच्या कणांचा आहे, तोही फिल्टरमधून जाणाऱ्या हवेपुरता. घरातली बाकीची हवा आहे तशीच. आमच्या शेजारच्या काकूंकडे असंच महागडं मशीन आहे. त्या बाल्कनीत डबा उघडून कचऱ्याच्या पिशवीत उलटा करतात, भुरकट लोट उठतो आणि काकू सलग पाच वेळा शिंकतात. नंतर हेपाचं कौतुक.

झाडूबद्दल मात्र थोडं मान्य करावं लागेल. फूलझाडूने बारीक धूळ उडते, खरं आहे. सिमेंट रोडची खोदकामं आणि कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांकडची राख, आपल्याला धुळीचं वेगळं काय सांगायचं. नीट सील असलेलं मशीन झाडूपेक्षा कमी धूळ उडवतं. पण त्यावर आपला ओला पोछाही आहेच. आणि उभं मशीन मुळात भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट अंथरलेल्या घरांसाठी. त्याचा फिरता ब्रश कार्पेटमधले केस, माती छान उपसतो, त्यात वाद नाही. ताईकडे फरशी आहे. फरशीवर तोच ब्रश सांडलेली तुरीची डाळ टिचकीसारखी सोफ्याखाली उडवतो. दिवाणाखाली मशीन शिरत नाही, जिन्यावर उचलून नेताना कंबर धरते. पोछा करायला बाई लागतेच, म्हणजे वसुलीचा हिशेब तिथेच संपला.

अमेरिकन डॉक्टरची गोष्ट तेवढी मजेशीर. तो डॉक्टर नव्हता, ओहायोतल्या कँटन गावी एका दुकानात साफसफाई करणारा जेम्स मरे स्पँगलर होता. दमा त्यालाच होता, झाडताना धुळीने जीव जायचा. पंख्याची मोटर, साबणाची पेटी, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून त्याने मशीन केलं, १९०८ साली पेटंट मिळालं, आणि पुढे हक्क हूव्हर नावाच्या उद्योजकाकडे गेले. म्हणजे मेसेजमधला दमा खरा, डॉक्टर खोटा.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. आत्याने अंगठा दाखवला. ताईचा मेसेज वेगळा आला: "पंप दिला." आणि त्याखाली: "ते छोटं हातातलं असते ना, सोफ्यासाठी, ते तरी घेऊ का?"

ते घे.