क्रँक काढायला पुलर लागत नाही, हे खरे नाही

सायकलचा घट्ट बसलेला क्रँक, म्हणजे पायडल ज्याला जोडलेले असते तो दांडा, काढण्याविषयी एक सल्ला सर्रास पुढे पाठवला जातो. तो असा: पुलर (क्रँकच्या आट्यांत बसवून तो ओढून काढणारे हत्यार) घेऊ नका, तो क्रँकचे आटे खातो, बोल्ट काढून सायकल तशीच चालवा, क्रँक आपोआप सैल होईल, न झाल्यास मागून हातोडी मारा किंवा तापवा, आणि डावा बोल्ट उलट्या आट्यांचा असतो हे विसरू नका. चौकोनी, निमुळत्या टोकाच्या एक्सलवर (दोन्ही क्रँक जोडणाऱ्या आसावर) बसणाऱ्या ॲल्युमिनियमच्या क्रँकपुरते बोलायचे, तर हा सल्ला पाळणाऱ्याचा क्रँक बहुधा निघतो, पण पुन्हा बसवण्याजोगा राहत नाही.

बोल्टचा मुद्दा लगेच निकालात निघतो. उलटे आटे डाव्या पायडलला असतात. क्रँकचे बोल्ट दोन्ही बाजूंना घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनेच सैल होतात.

सायकल चालवून क्रँक सैल होतो, हे खरे आहे. मात्र तो सैल होतो तो चौकोनी भोकाचे कोपरे झिजल्यामुळे. एक्सल पोलादाचा, क्रँक मऊ ॲल्युमिनियमचा, आणि पायाचा पूर्ण जोर त्या हलणाऱ्या सांध्यावर. अशा वेळी कोणता धातू हार मानणार, हे उघड आहे. भोक एकदा घोळले की बोल्ट कितीही आवळला तरी क्रँक पुन्हा ढिला पडतो. शिवाय चढावर उभे राहून जोर देताना तो निसटला, तर पडणाऱ्याला सावरायला वेळच मिळत नाही.

हातोडीचा घाव क्रँकवरच थांबत नाही, तर एक्सलमधून बेअरिंगपर्यंत जातो आणि छर्ऱ्यांच्या मार्गावर खड्डे पाडतो. जुन्या सायकलींमधली कॉटर पिन (क्रँक एक्सलवर अडकवून ठेवणारी पाचर) ठोकूनच काढतात, हे मान्य; पण तिथेही क्रँकला खालून भक्कम आधार देतात, आणि घाव पिनवर असतो, क्रँकवर नव्हे.

तापवण्यामागचे तत्त्व बरोबर आहे, कारण ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. त्यासाठी उकळते पाणी पुरते. ज्योतीने मात्र ग्रीस वितळते, सील जळतात आणि मिश्रधातूची ताकदही जाऊ शकते.

आता पुलरवरचा आरोप. क्रँकमधले आटे 22 मिलिमीटर व्यासाचे असले तरी एका आट्याचे दुसऱ्यापासूनचे अंतर अवघे 1 मिलिमीटर असते, त्यामुळे पुलर दोन-तीन फेरेच बसवून जोर लावला तर ते सोलून निघणारच. बोल्टबरोबर वॉशर निघाला आहे का हे टॉर्च लावून पाहावे, कारण तो आत राहिला तर पुलर त्याच्यावरच रेटा देत राहतो. जुन्या ब्रशने आट्यांतली माती काढावी, पुलरचा मधला स्क्रू पूर्ण मागे घ्यावा आणि बाहेरचा भाग आधी हाताने, मग पान्याने, तळाला टेकेपर्यंत बसवावा. हे सगळे झाल्यावरच मधला स्क्रू फिरवावा. तो जड लागणे स्वाभाविक आहे. क्रँक जागचा न हलता तो एकाएकी हलका झाला, तर आटे सुटू लागले आहेत असे समजून तत्काळ थांबावे. क्रँक हलतच नसेल, तर ताण तसाच ठेवून सांध्यावर गंज सोडवणारे तेल सोडावे आणि रात्रभर वाट पाहावी. एवढ्याने पुष्कळ हट्टी क्रँक सुटतात.

आटे आधीच गेलेले असतील तर हा पुलर निरुपयोगी आहे. तेव्हा क्रँकला मागून पकडणारा दोन नख्यांचा बेअरिंग पुलर वापरावा, आणि तोही बसत नसेल तर क्रँक भोकापाशी करवतीने कापावा, मात्र पाते एक्सलला लागण्याआधी थांबून उरलेला पातळ भाग छिन्नीने फोडावा.