आजीचं गुपित, गल्लीभर

नातवंडांना संध्याकाळी फिरायला न्यायचं म्हटलं की पाय दुखतात ते वेगळंच, पण घाम फुटतो तो दुसऱ्याच कारणाने. थोरला सात वर्षांचा, धाकटी चार. थोरल्याला सगळं माहीत असतं, धाकटीला सगळं विचारायचं असतं, आणि दोघांनाही त्यासाठी परकी माणसं लागतात. घरची बहुधा पुरत नाहीत.

माझा आयुष्यभराचा शिरस्ता असा, की अनोळखी माणूस समोरून आला की झाडाकडे बघावं. झाड नसेल तर पिशवीत. या शिरस्त्यावर मी इथे वर्षानुवर्षं कुणाच्या अध्यातमध्यात न पडता सुखाने काढली. धाकटीने तो बघता बघता मोडीत काढला.

"काका, तुमचे केस कुठे गेले?" ही तिची ओळख करून घ्यायची रीत. काका बिचारे डोक्यावरून हात फिरवतात. लगेच थोरला त्यांच्या मदतीला धावतो. "कुठे जात नाहीत गं, मुळं बारीक होत होत केस यायचे थांबतात. आजीचे आहेत, पण त्यांतला रंग संपलाय. मेलॅनिन म्हणतात. ते परत भरता येत नाही, म्हणून ती डबीतला लावते."

काका माझ्या केसांकडे बघतात. मी पिशवीत.

हे निदान मला ऐकू तरी आलं. वय झालं की कान सगळे आवाज एकदम सोडत नाहीत, आधी वरच्या पट्टीतले सोडतात. ट्रकची घरघर मला अजून खणखणीत ऐकू येते. 'स', 'श', 'फ' मात्र हवेतच विरतात. आणि धाकटीचा आवाज नेमका वरच्या पट्टीतला! म्हणजे घरातली बातमी ती अख्ख्या गल्लीला सांगते आणि ती कळत नाही फक्त मला. अशा वेळी चारचौघांत "काय म्हणालीस?" असं किती वेळा विचारणार? मी आपली हसून मान डोलावते.

परवा बागेतल्या बाकावर एक भारदस्त गृहस्थ बसले होते. धाकटी त्यांच्या कानाशी लागली आणि माझ्याकडे बोट दाखवून बराच वेळ काहीतरी सांगत राहिली. मला वाटलं, माझ्या गाण्याचं कौतुक चाललंय. मी मान डोलावली.

"खरंच?" गृहस्थांनी विचारलं.

"हो तर! रोज रात्री. या ना एकदा घरी बघायला, मुलांना फार मजा वाटते."

गृहस्थ उठून दुसऱ्या बाकावर गेले.

घरी आल्यावर थोरल्याने खुलासा केला. "ती म्हणाली, आजी रात्री सगळे दात काढून पेल्यात ठेवते." त्याचे स्वतःचे पुढचे दोन सध्या पडलेले, त्यामुळे या विषयात त्याला भलताच अधिकार. "माणसाला दोनदाच दात येतात, आजी. आधी वीस, मग बत्तीस. तुझे दोन्ही वेळचे संपले." पुढे माझी समजूत घालत म्हणाला, "पण मी त्या आजोबांना सांगितलं, की तू ते नीट घासतेस."

मुलगा म्हणतो, कानाला यंत्र लाव. लावीनही. पण मग ऐकूच आलं नाही ही सबब जाईल, आणि माझ्याकडे तेवढी एकच उरली आहे. सूनबाईचं मत आहे की मुलांनी असं मोकळंच असावं. तिने एकदा त्यांना घेऊन लिफ्टने चार मजले चढून बघावं, शेजारी कुणीतरी जाडसर माणूस उभा असताना.

काल तर कहर झाला. एक बाई, ज्यांचं मी नावही जाणत नाही, रस्त्यात मला अडवून उभ्या राहिल्या. वयाने माझ्याच बरोबरीच्या, तरी मला म्हणतात, "काय आजी, आज झालं का पोट साफ?" आवाज चांगला खर्जातला, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकू आला.

मी धाकटीला हाक मारली. ती तोवर पुढच्या माणसापर्यंत पोचली होती.