ग्रंथालयांचं श्राद्ध घालायची घाई झालेल्यांना

‘ग्रंथालयं संपली! सगळी पुस्तकं मोबाइलवर फुकट. कुणी जात नाही, जगभर कुलपं लागताहेत. उरली आहेत तिथे पुस्तकं काढून शिलाई मशिनं ठेवलीत. वर दंडही माफ, म्हणजे चोरांना रान मोकळं. बंद करा आणि मुलांना टॅब द्या.’

हा मेसेज मी आजवर दिसला की डिलीट करत आले. परवा तो भाचीने पाठवला. ती ग्रंथालयशास्त्र शिकतेय. खाली एकच ओळ: ‘मावशी, मी चुकीची लाइन घेतली का गं?’ तेव्हा मात्र डोकं सटकलं.

‘मोबाइलवर फुकट’ हा दावा सगळ्यात घातक, कारण तो ऐकायला खरा वाटतो. फुकट काय मिळतं? कॉपीराइट संपलेली जुनी पुस्तकं आणि कुणीतरी चोरून चढवलेल्या पीडीएफ. गूगल बुक्सवर कॉपीराइटमधलं पुस्तक उघडून बघा. प्रकाशकाची परवानगी असली तर काही पानं, नाहीतर दोन-चार ओळींचे तुकडे. नवं ई-पुस्तक कायदेशीर मार्गाने, खिशाला हात न लावता वाचायचं तर बहुतेक वेळा ग्रंथालयाचंच ॲप लागतं. तिथेही सहसा एका प्रतीमागे एक वाचक, बाकीचे रांगेत. असं का? छापील पुस्तक ग्रंथालयाने एकदा घेतलं की ते फाटेपर्यंत फिरतं. मोठ्या प्रकाशकांची ई-पुस्तकं ग्रंथालयांना सहसा विकत मिळतच नाहीत, मिळतो तो परवाना. हार्परकॉलिन्सने २०११ मध्ये नियम काढला की ई-प्रत २६ वेळा दिली की संपली, पुन्हा पैसे भरा. फाइल काय २६ वाचकांच्या हाताने झिजते? मॅकमिलनने २०१९ मध्ये त्यावरही कडी केली. नवं पुस्तक आलं की पहिले आठ आठवडे अख्ख्या ग्रंथालय-यंत्रणेला मिळून एकच ई-प्रत, मग शहर कितीही मोठं असो. अनेक ग्रंथालयांनी बहिष्कार टाकला आणि मार्च २०२० मध्ये कंपनीने नियम मागे घेतला. तुमच्या त्या मोबाइलवर पुस्तक यावं म्हणून भांडत होतं कोण? ज्यांचं तुम्ही श्राद्ध घालताय तेच.

राहिला टॅब. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०२४ च्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे २६० कोटी माणसं इंटरनेट वापरत नाहीत. टॅब दिला तरी नेट कोण देणार? न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने याच कारणासाठी पुस्तकांसारखे वायफाय हॉटस्पॉट घरी न्यायला दिले.

‘कुणी जात नाही.’ गॅलप या सर्वेक्षण संस्थेने २०१९ चा हिशेब विचारला तेव्हा अमेरिकेतले प्रौढ वर्षभरात सरासरी १०.५ वेळा ग्रंथालयात गेले होते, थिएटरात सिनेमाला ५.३ वेळा. आकडा कोविडच्या आधीचा आहे, मान्य. पण मेसेजमध्ये तर एकही आकडा नाही.

‘जगभर कुलपं.’ जगभर नाही, पण ब्रिटनपुरतं हे खरं आहे, कबूल करायला जिवावर येत असलं तरी. बीबीसीने २०१६ मध्ये माहिती काढली, तर सहा वर्षांत ३४३ ग्रंथालयं बंद आणि जवळजवळ आठ हजार नोकऱ्या गेलेल्या. तिथे पुस्तकं नेणारेही घटलेत. फक्त त्याआधी काय झालं ते मेसेजवाले सांगत नाहीत. सरकारने ग्रंथालयं चालवणाऱ्या स्थानिक परिषदांचं (आपल्या नगरपालिकांसारख्या) अनुदान कापलं, परिषदांनी ग्रंथालयांचं. पुस्तक खरेदी कमी करायची, उघडण्याचे तास कमी करायचे, माणसं काढायची आणि मग ‘बघा, कुणी येत नाही’.

शिलाई मशिनं? आहेत ना. फिनलंडच्या राजधानीत, हेलसिंकीच्या ‘ओडी’ ग्रंथालयात, २०१८ पासून. थ्रीडी प्रिंटर आहेत, स्टुडिओ आहेत, स्वयंपाकघरसुद्धा आहे. आणि वरचा अख्खा मजला पुस्तकांचा, सुमारे एक लाख. फिनलंडच्या २०१७ पासून लागू असलेल्या ग्रंथालय कायद्यात शिकायला, काम करायला, छंदांना जागा देणं हे ग्रंथालयाचं कामच ठरवलंय. न्यूयॉर्कच्या एका शाखेत तर नोकरीच्या मुलाखतीसाठी टाय आणि बॅगा मिळायला लागल्या. ज्याच्याकडे मुलाखतीला घालायला धड काही नाही, त्याला विचारा हा चोचला आहे का.

आणि दंडमाफी म्हणजे चोरांना रान मोकळं! शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये उशिराचा दंड रद्द केला. पुढच्या तीन आठवड्यांत परत आलेल्या पुस्तकांचं प्रमाण २४० टक्क्यांनी वाढलं. दंडाच्या धास्तीने घरात दडवलेली पुस्तकं होती ती. चोर कधी स्वतःहून काउंटरवर पुस्तक आणून देतो का? (पुस्तक हरवलं तर त्याची किंमत आजही भरावी लागते, माफ झाला तो उशिराचा दंड.) न्यूयॉर्कने हेच २०२१ मध्ये केलं. त्या वेळी तिथे १५ डॉलर किंवा त्याहून जास्त थकल्यामुळे सुमारे चार लाख लोकांची कार्डं बंद पडलेली होती, त्यातली निम्म्याहून जास्त गरीब वस्त्यांतली.