कूलरबद्दल फिरणाऱ्या मेसेजबाबत खुलासा

‘एसी विका, कूलर घ्या, तेवढाच गारवा, बिल दहावा हिस्सा’ असा मेसेज सध्या नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. बिलाचं म्हणणं साधारण पटण्यासारखं आहे. गारव्याचं मात्र वाशी-नेरूळमध्ये खरं नाही.

कूलर पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो. हवा जितकी कोरडी, तितकं पाणी उडतं आणि तितकी ती थंड होते. अकोल्यात ४२ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर चांगला कूलर हवा १५ अंशांनीही उतरवू शकतो. खाडीकाठी ३४ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असताना जेमतेम ४-५ अंश उतरतात, वर खोलीत दमटपणा वाढतो. घाम वाळत नाही, चादरी ओलसर लागतात. विदर्भातल्या नातेवाइकांचा अनुभव खराच आहे, पण तो तिथल्या हवेचा आहे. खिडक्या बंद ठेवून कूलर लावला, तर अवस्था इडलीपात्रासारखी.

त्याच मेसेजमध्ये ‘एसी १६ वर ठेवला की खोली लवकर थंड होते’ असंही आहे. साध्या, इन्व्हर्टर नसलेल्या एसीचा कॉम्प्रेसर १६ वर काय नि २४ वर काय, त्याच जोराने चालतो. १६ वर तो थांबत नाही, एवढंच. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबाने प्रत्येक अंश वर नेल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते.

बिल कमी करायचंच असेल, तर एसी २६ वर ठेवून सोबत पंखा लावा. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा साधारण ३० वॅट घेतो, जुना ७५. आणि पश्चिमेच्या खिडकीला पडदा बाहेरून हवा, आतून नव्हे.